‘दारू’ की ‘बारूद’? एका चिनी दालनातून आलेला प्रश्न

प्रश्न असा आहे : बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात प्राचीन चिनी शस्त्रांचे दालन पाहताना तोफेच्या दारूला चिनी भाषेत ‘हुओयाव’, म्हणजे शब्दशः ‘आगीचे औषध’, म्हणतात असे कळले. त्या दालनाविषयी मराठीत लिहिताना या पदार्थाला ‘दारू’ म्हणावे की ‘बारूद’? ‘दारू’ म्हटल्यावर वाचकाला मद्यच आठवणार नाही का?

माझे स्पष्ट मत ‘दारू’च्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण त्या चिनी शब्दातच दडलेले आहे. सोरा (एक क्षार, पोटॅशियम नायट्रेट) आणि गंधक ही तोफेच्या दारूतली दोन्ही द्रव्ये चीनमध्ये आधी वैद्यांच्या आणि किमयागारांच्या हाती होती. सोरा, गंधक आणि मनशीळ (आर्सेनिकचे तांबडे खनिज) मधात मिसळून तापवल्याने हात-तोंड भाजल्याचा आणि घरही जळाल्याचा इशारा एका जुन्या ताओवादी ग्रंथात दिलेला आहे. पुढे १०४४ सालच्या ‘वूजिंग जोंगयाव’ या युद्धविषयक ग्रंथात या मिश्रणाच्या कृती आल्या, तेव्हाही त्याचे नाव औषधाचेच राहिले.

आता मराठीकडे पाहा. आपला ‘दारू’ हा शब्द फारसीतला असून तेथे त्याचा अर्थ औषध असाच आहे. (‘देवदारू’मधला संस्कृत ‘दारु’ म्हणजे लाकूड, त्याचा येथे संबंध नाही.) ‘आईच्या दवादारूत सगळी पुंजी संपली’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो मूळ अर्थच बोलत असतो. इराणात आजही ‘दारूखाने’ म्हणजे औषधांचे दुकान. मुंबईत रे रोडजवळच्या ‘दारूखाना’ या नावात मात्र तोफेची दारू आहे. तेलुगूतील ‘मंदु’ आणि कन्नडमधील ‘मद्दु’ या शब्दांनाही औषध आणि तोफेची दारू असे दोन्ही अर्थ आहेत. केवळ या साम्यावरून मराठी शब्द चिनीचे भाषांतर आहे असे म्हणू नये. पण ‘हुओयाव’ला इतका जवळचा प्रतिशब्द आपल्याकडे तयार असताना तो टाळणे मला पटत नाही.

‘बारूद’ चुकीचा नाही, तो जुन्या मराठीलाही परिचित आहे. मात्र आजच्या कानाला तो हिंदी वाटतो. शिवाय त्याचा इतिहास निराळा आहे : अरबीत ‘बारूद’ हे आधी सोऱ्याचे नाव होते, आणि त्याच सोऱ्याला अरब ‘चिनी बर्फ’ व इराणी ‘चिनी मीठ’ म्हणत.

मद्याचा घोटाळा टाळायचा तर पहिल्या उल्लेखाला ‘तोफेची दारू’ किंवा ‘बंदुकीची दारू’ लिहावे. पुढे नुसते ‘दारू’ पुरते. ‘दारूगोळा’, ‘दारूकोठार’, ‘शोभेची दारू’ वाचताना कोणाचाही गोंधळ होत नाही, आणि रायगडावरचे दारूकोठार पाहताना तेथे मद्य साठवत असतील असे कोणाच्या मनात येत नाही.

त्याच दालनाविषयी लिहिताना आणखी एक शब्द उपयोगी पडेल. चिनीत ‘हुओज्येन’ म्हणजे ‘आगीचा तीर’. आज तोच शब्द रॉकेटसाठी रूढ आहे. मराठ्यांच्या फौजेत अशा अस्त्राला ‘बाण’ म्हणत, आणि दिवाळीत बाटलीत उभा करून उडवतो तोही बाणच. तेव्हा तेथे ‘अग्निक्षेपणास्त्र’ असा बोजड शब्द न घडवता सरळ ‘दारूचा बाण’ लिहावे.