गर्भात वास घेणारा भाग कशापासून बनतो, मेंदूपासून की कातडीपासून? आणि कधी? त्यातल्या पेशी पुढे नव्याने वाढतात का?

कातडीपासून. नेमकं सांगायचं तर बाह्यस्तरापासून, म्हणजे गर्भाच्या सगळ्यात बाहेरच्या थरापासून. 'कधी'वरून मात्र आमच्या घरात २०१२ पासून भांडण चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मला जन्मापासून वास येत नाही. गाव निफाड तालुक्यात, घरचा कांदा. अकरावीत होतो, ऑगस्टचा पाऊस लागून राहिलेला. आप्पा म्हणाले, कांदा साठवलेली चाळ बघून ये. मी फटीतून हात घालून चार-पाच कांदे दाबले, टणक लागले. "चांगलाय," म्हणून सांगितलं. आठवड्याने चाळ फोडली तर खालचा थर पाणी सुटून काळा पडलेला. मजूर बाया तोंडाला पदर लावून लांब उभ्या आणि मी त्या चिखलात बसून निवांत कांदा निवडतोय. तेव्हा कुठे घरच्यांना पटलं की पोरगं सोंग करत नाही.

आत्या लगेच आईवर घसरली. "ग्रहणात विळीवर बसली होतीस ना? घे आता."

ते ग्रहण २४ ऑक्टोबर १९९५ चं, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचं. माझा जन्म ११ मार्च १९९६ चा. अडतीस आठवडे मागे मोजा, गर्भ राहिला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. नाकाची तयारी सुरू होते चौथ्या आठवड्याच्या अखेरीस, म्हणजे जुलैत, गटारीच्याही आधी! तेव्हा मी भिजलेल्या साबुदाण्याएवढा होतो आणि दिवस गेलेत की नाही याचीच आईला खात्री नव्हती.

त्या वेळी मेंदू जिथून बनणार त्या पट्टीच्या पुढच्या कडेला बाह्यस्तराचा एक पट्टा असतो. डोळ्याचं भिंग, आतला कान आणि नाकाचा हा भाग ही एकाच पट्ट्यातली भावंडं. शेजारच्या पेशींकडून कोणते रासायनिक इशारे येतात त्यावर कोण काय होणार ते ठरतं. पॅक्स-६ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या उंदराच्या पिल्लाला डोळे नसतात आणि नाकही नसतं. नाकाच्या वाटणीला दोन जाडसर चकत्या येतात, त्यांना प्लॅकोड म्हणतात. पाचव्या आठवड्यात त्या मधे खचून खळगे होतात. तिथल्या काही पेशी वास घेणाऱ्या चेतापेशी बनतात आणि त्यांचे धागे वर मेंदूकडे जातात. तार नाकातून मेंदूकडे ओढली जाते, मेंदूतून खाली सोडली जात नाही.

पुढे नाशिकला एमआरआय काढला. हे धागे जिथे जाऊन भिडतात ते घ्राणकंद माझ्यात दिसलेच नाहीत. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, दाढी वेळेवर आली का? वयात आणणारी यंत्रणा चालवणाऱ्या पेशीसुद्धा याच नाकाच्या भागातून निघून त्या धाग्यांच्या आधाराने मेंदूत जातात. दोन्ही बिघडलं तर त्याला कालमन सिंड्रोम म्हणतात. माझी दाढी वेळेवर आली.

आता तुमच्याविषयी. बायकोला सातवा महिना आहे आणि सासूबाई घरात फोडणी करू देत नाहीत, असं लिहिलंय. खुशाल करा फोडणी. मळमळत असेल तर करू नका, पण ते तिच्यासाठी, बाळाच्या नाकासाठी नव्हे.

एक कबूल करतो. माझ्यात खळगा बिघडला, धागा बिघडला की कंद, हे एमआरआयवरून कळत नाही, आणि हे काम पाचव्या आठवड्यात संपत नाही, पुढेही चालतं. तरी ग्रहणाशी त्याचा संबंध नाही. बऱ्याचदा दोष जनुकांतून येतो, आणि जनुकं दोन्ही घरची असतात. आत्याचे एक चुलते रॉकेलच्या हातांनी वाढलेली भाकरी मुकाट्याने खायचे. 'देवमाणूस' म्हणून तिने आयुष्यभर त्यांचं कौतुक केलं.

वास घेणाऱ्या पेशी नव्याने वाढतात का, हे राहिलंच. वाढतात. नाकातल्या तळाच्या पेशी मोठेपणीही नव्या चेतापेशी बनवत राहतात, म्हणून सर्दीने गेलेला वास बहुतेकदा परत येतो. माझं तसं नाही. नवी तार आली तरी वर जोडायला जागाच नाही.