गिझरची कार्यक्षमता ०.८ धरू की ०.९८?

मुलुंडच्या सात मजली सोसायटीच्या एनर्जीप्लस (इमारतीचा वीजवापर संगणकावर काढणारं सॉफ्टवेअर) मॉडेलमध्ये गिझरची वीज अवाच्या सवा येतेय, म्हणून २५ लिटरच्या गिझरची कार्यक्षमता ०.८ धरू की ०.९८, असं विचारलंत. इलेक्ट्रिक गिझरला सरळ १ भरा. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता दुसरीकडे जाणार कुठे? वाया जातं ते टाकीच्या अंगातून, आणि त्याला वेगळा रकाना आहे. ०.८ भरून वर तोही भरलात तर एकच तोटा दोनदा मोजला जाईल.

टाकीच्या तोट्याचा आकडा बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार लेबलवरून निघतो. तिथला स्टँडिंग लॉस, म्हणजे पाणी न वापरता नुसतं गरम ठेवताना होणारा तोटा, २४ तासांचा, पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या ४५ अंशांच्या फरकासाठी असतो. समजा ०.६ युनिट आहे. ६०० भागिले २४ म्हणजे २५ वॅट. त्याला ४५ ने भागलं की साधारण ०.५६ वॅट प्रति केल्विन. ऑन-सायकल (कॉइल चालू), ऑफ-सायकल (कॉइल बंद) दोन्ही रकान्यांत हाच भरा. बाथरूम २८ अंश, पाणी ६० अंश, आणि गिझर दिवसभर चालू ठेवला तरी तोटा ०.४३ युनिटच्या आसपास. एवढ्याने वीज फुगत नाही.

मला गोम नळाच्या पाण्यात दिसते. फाइलमध्ये 'साइट वॉटर मेन्स टेंपरेचर' हा ऑब्जेक्ट, म्हणजे नळाच्या पाण्याचं तापमान सांगणारी नोंद, आहे का बघा. नसेल तर एनर्जीप्लस नळाचं पाणी बारा महिने १० अंश धरतं. मुंबईत तसं पाणी फ्रिजमधूनच काढावं लागेल! १८ लिटरच्या चार बादल्या ४० अंशांवर न्यायला, नळाला २६ अंश असतील तर सुमारे १.२ युनिट लागतात. १० अंश धरले तर २.५. कार्यक्षमतेशी कितीही खेळा, एवढा फरक पडणार नाही.

ऑब्जेक्ट टाकलात तरी त्यातलं कोरिलेशन (अंदाजाचं सूत्र) बाहेरच्या हवेच्या तापमानावर चालतं. त्याला आपली गच्चीवरची टाकी ठाऊक नाही. पालिकेचं पाणी खालच्या टाकीतून पंपाने वर जातं आणि उन्हात तापतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा सकाळ-संध्याकाळ नळाखालच्या बादलीत थर्मामीटर बुडवा आणि त्याचंच शेड्यूल (महिन्यावार तक्ता) करा.

गिझर २४ तास तापलेला ठेवण्याची पद्धतही आपली नाही. अंघोळीआधीचा अर्धा-पाऊण तास सोडून बाकी वेळ सेटपॉइंट शेड्यूल (पाणी किती अंशांपर्यंत तापवायचं याचा तक्ता) १० अंशांवर ठेवा, म्हणजे गिझर बंदच राहील. मे महिन्यात बहुतेक घरांत बटणाला हातच लागत नाही, तेही शेड्यूलमध्ये येऊ द्या.

काही फ्लॅटमध्ये पाइप गॅसवरचे इन्स्टंट गिझर असतील, तर तिथे १ चालणार नाही. उष्णता धुरावाटे जाते. तिथे ०.८ शोभतो. टाकीच नसल्याने स्टँडिंग लॉस मात्र जवळपास शून्य.

आधी नळाचं तापमान बदलून एक रन घ्या. आकडा तरीही फुगलेलाच राहिला, तर मजल्यांचा मल्टिप्लायर (एक मजला मांडून त्याला मजल्यांच्या संख्येने गुणणं) लावलेला असताना फ्लोमध्येही (पाण्याच्या प्रवाहाच्या आकड्यातही) पुन्हा फ्लॅटच्या संख्येने गुणलंय का, ते तपासा.