बोध न सांगणाऱ्या किशोर-कादंबऱ्या

आपली मुलगी चौदा वर्षांची आहे, इंग्रजी सहज वाचते, आणि योग्य-अयोग्याचा विचार करायला लावतील पण उपदेश करणार नाहीत अशा कादंबऱ्या आपल्याला तिच्यासाठी हव्या आहेत. उपदेश नको ही अट आपण घातलीत हे बरे झाले. किशोरांसाठी म्हणून लिहिलेली बरीच पुस्तके त्याच अटीवर बाद होतात, कारण चांगला कोण आणि वाईट कोण हे त्यांत आरंभीच ठरलेले असते आणि वाचकाने केवळ मान डोलवायची असते.

माझ्या मते सुरुवात लोइस लाउरी यांच्या 'द गिव्हर'पासून (१९९३) करावी. या कादंबरीतल्या समाजात भूक नाही, युद्ध नाही, भांडण नाही. रंग आणि आठवणीही नाहीत. बारा वर्षांच्या जोनासची निवड साऱ्या समाजाच्या आठवणी एकट्याने सांभाळण्याच्या कामासाठी होते, आणि त्या कामाच्या नियमांत त्याला एक अनपेक्षित मुभा मिळते: त्याने खोटे बोलले तरी चालेल. ती वाचताच त्याच्या मनात येते की इतर मोठ्या माणसांनाही त्यांच्या नियमांत हेच वाक्य मिळाले असेल तर? पुढे, जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या बाळाला त्याचे वडील सुई टोचून संपवतात, हे तो चित्रफितीत पाहतो. हे वडील क्रूर नाहीत. ते तान्ह्या मुलांची मायेने देखभाल करणारे, घरात हसतखेळत वागणारे गृहस्थ आहेत, आणि आपण काही गैर करतो आहोत हे त्यांच्या गावीही नाही. खलनायक दाखवला असता तर वाचकाची सुटका झाली असती. लाउरी ती होऊ देत नाहीत. या कादंबरीमागे त्यांच्या वृद्ध वडिलांची ओसरत चाललेली स्मृती होती: आपली एक मुलगी वारली आहे, हेसुद्धा ते विसरत असत. दुःख विसरता येणे सुखाचे असेलही, पण ते सुरक्षित आहे का, हा प्रश्न तिथून आला. शेवट मुद्दाम संदिग्ध आहे. नंतरच्या भागांत त्याचा उलगडा होतो, म्हणून ते तिच्या हाती लगेच देऊ नयेत असे मी सुचवीन.

दुसरे पुस्तक वॉल्टर डीन मायर्स यांचे 'मॉन्स्टर' (१९९९). न्यूयॉर्कच्या हार्लेममधील सोळा वर्षांच्या स्टीव्हवर खुनाचा खटला चालू आहे. त्याने गोळी झाडलेली नाही. दरोड्यापूर्वी औषधांच्या दुकानात जाऊन आत पोलीस नाहीत ना एवढे पाहून आल्याचा आरोप त्याच्यावर आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने दरोड्यात सामील असलेला प्रत्येक जण खुनालाही जबाबदार ठरतो. स्टीव्हला चित्रपट करायचे आहेत, म्हणून तो स्वतःचा खटला पटकथेच्या रूपात लिहितो आणि मध्ये मध्ये रोजनिशी ठेवतो. तो दुकानात नेमका कशासाठी गेला होता, हे मात्र दोन्हींतून निर्विवादपणे कळत नाही. तो निर्दोष सुटतो, आनंदाने आपल्या वकील बाईंना मिठी मारायला हात पसरतो, आणि त्या तोंड फिरवतात. न्यायालयाचा निकाल लागल्यावरही वाचकाचा निकाल शिल्लक राहतो, आणि मुलगा आपल्याला आवडू लागल्यामुळे आपण त्याला झुकते माप दिले का, अशी शंका पाठ सोडत नाही. तुरुंगातील काही प्रसंग उग्र आहेत, म्हणून हे पुस्तक आपण आधी वाचून पाहावे.

रॉबर्ट कॉर्मियर यांच्या 'द चॉकलेट वॉर'मध्ये (१९७४) शाळेच्या निधीसाठी चॉकलेटे विकायला एक मुलगा नकार देतो. कॉर्मियर यांच्या मुलाने तसा नकार खरोखरच दिला होता आणि त्याचे काही बिघडले नाही. कादंबरीतल्या मुलाचे मात्र सर्व काही बिघडते, आणि शेवटी त्याला स्वतःलाच तो नकार व्यर्थ वाटतो. हा शेवट मला अजूनही जड जातो, तरी तो बदलावा असे वाटत नाही.

'श्यामची आई'वर वाढलेल्या आपल्या पिढीला हे सारे कोरडे वाटण्याचा संभव आहे. तळव्यांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप, असे तिथे आई सांगते आणि श्यामला वाट सापडते. ते पुस्तक मला प्रियच आहे, पण त्यातला निवाडा आईच्या हाती असतो. इथे तो वाचणाऱ्या मुलीच्या हाती असेल.

नील शुस्टरमन यांची 'अनवाइंड' (२००७) कदाचित तिला मैत्रिणींकडून आधीच कळलेली असेल. तेरा ते अठरा या वयातील नकोशा मुलांचे अवयव वेगळे करून इतरांना देण्यास आईवडील संमती देऊ शकतात, हे तिचे गृहीतक मला फारसे पटत नाही. तरीही शस्त्रक्रिया चालू असताना मुलाला शुद्धीवर ठेवणे बंधनकारक करणारा नियम आणि केवळ त्या मुलाच्या जाणिवेतून लिहिलेले ते प्रकरण, यांमुळे पुस्तक टाळावेसे वाटत नाही. ते पंधरा-सोळाव्या वर्षी द्यावे. 'द गिव्हर' आजच दिले तरी चालेल.