पावडरमुळे नाडाचं पत्र आलं, आता भावाचा खेळ संपला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ साताऱ्याचा, वय १९. रग्बीच्या राज्य शिबिरात त्याचा लघवीचा नमुना घेतला, त्यात बंदी असलेला पदार्थ निघाला आणि नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचं, पत्र घरी आलं. तो शपथेवर सांगतो की जिममधून आणलेल्या पावडरशिवाय काहीच घेतलं नाही. बंदी किती वर्षांची लागेल, आणि 'माहीत नव्हतं' म्हटलं तर सुटका होईल का?

नुसतं 'माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. हे आधी घरातल्या सगळ्यांच्या गळी उतरवा. नाहीतर पहिले आठ दिवस ओळखीच्या पुढाऱ्यांकडे खेटे घालण्यात जातील, आणि हेच दिवस सगळ्यांत मोलाचे आहेत.

मी सांगलीचा. कॉलेजला पुण्यात होतो तेव्हा सेव्हन्स (सात-सात जणांची रग्बी) खेळलो, आता रविवारी इथल्या पोरांना शिकवतो. हे सगळं मी संघातल्या माझ्या जोडीदाराच्या प्रकरणात जवळून पाहिलंय. अंगापिंडाने दणकट, पण प्रशिक्षक रोज म्हणायचे, वजन वाढव. त्याने एका दुकानातून मोठा डबा आणला. बिल मागितलं नाही, दुकानदाराने दिलं नाही. दोन महिन्यांत डबा संपला. पुढे नमुन्यात स्टेरॉइड निघालं तेव्हा आम्ही दोघं त्याच्या गावी गेलो डबा शोधायला. डबा सापडला, स्वयंपाकघरातल्या फळीवर. आईने घासूनपुसून त्यात शेंगदाणे भरले होते. लेबल पाण्याने निघून गेलेलं, तळाचा बॅच नंबर घासून पुसट झालेला. त्या माउलीला वाटलं, पोरगा डब्यासाठीच एवढ्या लांबून आला, म्हणून तिने घाईघाईने शेंगदाणे परातीत काढून डबा त्याच्या हातात दिला. त्याला चार वर्षांची बंदी लागली.

म्हणून पहिलं काम: डबा, पिशवी, झाकण, आत उरलेली चिमूटभर पावडर, जे असेल ते आहे तसं बाजूला ठेवा. डबा उघडू नका, पुसू नका, चारही बाजूंनी फोटो काढा. बिल नसेल तर फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद शोधा, दुकानदाराशी झालेलं चॅट जपा. त्याच बॅचचा सीलबंद डबा बाजारात मिळतोय का बघा. फोडलेल्या डब्यात तुम्हीच काही मिसळलं नाही कशावरून, हा प्रश्न सुनावणीत हमखास येतो. सीलबंद डब्यातही तोच पदार्थ निघाला तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं.

दुसरं, नमुना देताना भरलेला फॉर्म काढून बघा. त्यात मागच्या सात दिवसांतली औषधं आणि सप्लिमेंट लिहायची असतात. माझी चाचणी झाली तेव्हा सामन्यानंतर अंगात त्राण नव्हतं. अधिकारी समोर उभा, कपडे छातीपर्यंत वर आणि गुडघ्यापर्यंत खाली, आणि किमान ९० मिली लघवी व्हायची वाट बघत दोन तास बसलो होतो. एवढं झाल्यावर कागदावर कोण मन लावून लिहितो? पण भावाने त्या रकान्यात पावडरचं नाव लिहिलं असेल तर ते सोन्याहून पिवळं, कारण निकाल येण्याआधीच त्याने ते स्वतःहून सांगितलं असं दिसतं. माझ्या जोडीदाराने रकाना कोरा सोडला होता.

आता शिक्षेचं. सगळं पदार्थाच्या नावावर अवलंबून आहे, आणि तेच तुम्ही लिहिलेलं नाही. मेटँडिएनोन, स्टॅनोझोलॉलसारखं स्टेरॉइड असेल तर मूळ शिक्षा चार वर्षं, आणि जाणूनबुजून घेतलं नाही हे खेळाडूने सिद्ध करायचं. ते झालं तर दोन वर्षं. काही पदार्थांच्या बाबतीत ओझं उलटं असतं: हेतू नाडाने सिद्ध करायचा, नाही जमलं तर दोन वर्षं. लेबलवर नसलेला पदार्थ डब्यातूनच शरीरात गेला आणि भावाची मोठी चूक नव्हती हे पटवता आलं, तर ताकीद ते दोन वर्षं यामध्ये कुठेही निकाल लागू शकतो. त्यात विचारतात: कुणाला विचारून घेतलं? लेबल वाचलं का? इंटरनेटवर एकदा तरी शोधलं का?

नुसत्या गोष्टीवर सुनावणी घेणारं पॅनेल विश्वास ठेवत नाही, हे आपल्याकडच्या कुस्तीवाल्यांना वेगळं सांगायला नको. नरसिंग यादव, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१६ मध्ये त्याच्या नमुन्यात मेटँडिएनोन निघालं. आपल्या खाण्यात कुणीतरी कालवलं असं त्याने सांगितलं, नाडाच्या पॅनेलने मान्यही केलं. वाडाने, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने, अपील केलं आणि रिओमध्ये कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. रग्बीत अ‍ॅफिवे डियांटी हा दक्षिण आफ्रिकेचा विंगर २०१८ चा जगातला सर्वोत्तम नवोदित ठरला होता. जुलै २०१९ मध्ये राष्ट्रीय शिबिरात नमुना घेतला, तीन पदार्थ निघाले. मुद्दाम घेतलं नाही असं तो सांगत राहिला, तरी चार वर्षं गेली. त्याच वर्षी त्याच्या संघाने विश्वचषक जिंकला. उलट २०१० मध्ये त्याच देशाचे चिलीबॉय रालेपेले आणि ब्योर्न बासन आयर्लंडच्या सामन्यानंतर मिथिलहेक्झानअमिन या उत्तेजकासाठी सापडले. तो पदार्थ संघानेच दिलेल्या सप्लिमेंटमधून आल्याचं दाखवता आलं आणि दोघं ताकिदीवर सुटले. (रालेपेले पुढे आणखी दोनदा सापडला, शेवटच्या वेळी आठ वर्षं लागली. पण तो वेगळा विषय.)

एक गोष्ट अवघड आहे, पण विचारतो. भावाला एकट्याला गाठून, आईवडील समोर नसताना, विचारा: सुई घेतली होती का? आपल्या भागातल्या जिममध्ये आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांत मेफेंटरमाइनची इंजेक्शनं फिरतात. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब उतरला तर तो वर आणायचं हे औषध. पोरं दम वाढवायला टोचून घेतात. सामन्याच्या वेळी ते शरीरात सापडलं तर स्टेरॉइडइतकीच शिक्षा आहे, आणि हृदयाचं जे होतं ते तर बंदीपेक्षा वाईट. असं काही असेल तर पावडरची कहाणी रचू नका. आरोपाचं पत्र आल्यापासून २० दिवसांच्या आत कबूल करून शिक्षा मान्य केली तर चाराची तीन वर्षं होतात. मात्र मग दुसरी कुठलीच सवलत मागता येत नाही, म्हणून हातात पुरावा असेल तर ही वाट घाईने धरू नका. कुणी विकलं याची पक्की माहिती दिली आणि त्यातून दुसरं प्रकरण उघडकीला आलं, तर शिक्षेचा बराच भाग स्थगित होऊ शकतो.

आणि साधा खोकलाही तपासा. खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते कायम बंदीत आहे. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टर जे स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, तेही २०२२ पासून स्पर्धेच्या काळात चालत नाही. असं काही घेतलं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि केसपेपर आजच मिळवा.

बी सॅम्पल, म्हणजे त्याच लघवीची राखून ठेवलेली दुसरी बाटली, उघडायची मागणी करता येते, पत्रात दिलेल्या मुदतीतच. पैसे भरावे लागतात आणि निकाल बहुतेक वेळा तोच येतो, हे माहीत असून निर्णय घ्या. वकील करणार असाल तर डोपिंगची प्रकरणं हाताळलेलाच बघा. जमिनीच्या दाव्यातला कितीही नावाजलेला असला तरी इथे चाचपडतो.

बंदीच्या काळात भावाला अजिबात खेळू देऊ नका. रग्बीच नाही, मान्यताप्राप्त संघटनेची कबड्डी किंवा कुस्तीसुद्धा नाही, पोरांना शिकवायचंही नाही. हा नियम मोडला तर मूळ बंदीच्या शेवटी तेवढीच नवी बंदी आणखी जोडतात. संघाबरोबर सराव शेवटच्या दोन महिन्यांत किंवा शेवटच्या चौथाईत, यातलं जे कमी असेल तेवढ्याच काळात करता येतो. एकट्याने यवतेश्वरचा घाट पळायला मात्र कुणाची ना नाही.

मला चीड येते ती दुकानदाराची. २०२४ मध्ये भारतात ७,११३ चाचण्यांत २६० नमुने दोषी निघाले, आणि त्यातली कितीतरी पोरं तुमच्या भावासारखी, विचारायला कुणी नसलेली असणार. डबा विकणाऱ्याला कुणी बोलावत नाही. नाडाचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघता येतं. आमच्या पोरांना मी पहिल्याच दिवशी ते फोनमध्ये घ्यायला लावतो. पावडर तर आणूच देत नाही. अंडी, दूध, शेंगदाणे, हरभरे यांवर १७ वर्षांच्या पोराचं वजन वाढतं, वेळ लागतो इतकंच.

माझा जोडीदार चार वर्षांनी परतला तेव्हा २६ चा होता. एक हंगाम खेळला. आता तासगावकडे द्राक्षबाग बघतो आणि जमेल तेव्हा रविवारी मैदानावर येतो. तुमच्या भावाशी बोलायला तो तयार आहे, मी आजच त्याला विचारलं.

पत्रात पदार्थाचं नाव काय आहे आणि पत्रावर तारीख कुठली आहे, एवढंच खाली लिहा. भावाचं नाव लिहू नका. मी रात्री दहानंतर बघतो.