नागपूरहून एका दिवसात प्राचीन मंदिरशिल्प बघायचं तर कुठे जावं?

सरळ रामटेक गाठा, पन्नासेक किलोमीटर. बहुतेक जण गडावर रामाचं दर्शन घेऊन परततात आणि त्याच टेकडीवरची केवल नरसिंह, रुद्र नरसिंह ही दोन लहान मंदिरं राहूनच जातात. खरा ऐवज तिथेच आहे. विदर्भातल्या वाकाटक राजांच्या काळातली, पाचव्या शतकातली ही मंदिरं.

आतला नरसिंह बघा. हिरण्यकशिपू नाही, फाडलेलं पोट नाही. लाल वालुकाश्मातली भलीमोठी मूर्ती एक गुडघा वर करून ऐसपैस बसलेली, जेवण झाल्यावर ओट्यावर टेकलेल्या पाटलासारखी! दरारा सगळा त्या रुंद खांद्यांत आणि आयाळीत. नंतरच्या मंदिरांत दागिन्यांची गर्दी होते. इथे दगडाचं वजनच बोलतं. टॉर्च न्या, प्रकाश बाजूने धरा, म्हणजे उठाव कळतो. खाऊची पिशवी मात्र वानरांपासून सांभाळा.

वाटेत मनसर लागतं, तिथे उत्खननातले विटांचे अवशेष आहेत. वेळ उरला तर नागपुरातला अजब बंगला, म्हणजे तिथलं संग्रहालय, सोमवार सोडून. मार्कंड्याची प्राचीन मंदिरं त्याच दिवशी जमणार नाहीत, ती गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठी. त्यासाठी वेगळा दिवस काढा.