खाणं तेच, व्यायाम वेगळा

पुता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन महिने रोज पहाटे पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर चालतोस. पहिल्या पाच आठवड्यांत दोन किलो उतरले आणि मग काटा ८४ वर ठाण मांडून बसला. पुढे विचारतोस काय, तर ओट्स खाऊ, की स्मूदी पिऊ, की नाचणीचं पेजेसारखं तिझान, की सकाळचं खाणंच बंद करू? न्याहारीचे सहा प्रकार लिहून काढलेस आणि व्यायामाचा एकच, चालणं. अरे, नेमकं उलटं करून बसलायस. सकाळचं खाणं रोज तेच ठेव आणि व्यायाम बदल. हे एकच सांगायला बसलोय, तेव्हा ते चार-पाच वेळा ऐकावं लागेल.

आधी चालण्याचा हिशोब. ८४ किलोच्या माणसाला सपाट रस्त्यावर ४ किलोमीटर चालायला साधारण २५० कॅलरी लागतात. त्यातल्या साठेक तर तेवढा वेळ खुर्चीत बसून राहिलास तरी खर्च होणारच होत्या. म्हणजे निव्वळ कमाई २०० च्या आत. वजन उतरलं की तेच अंतर कापायला आणखी कमी लागतात, कारण ओझंच हलकं झालेलं असतं. शिवाय सकाळी चाललेला माणूस उरलेल्या दिवसात नकळत कमी हलतो, जिन्याऐवजी लिफ्ट धरतो. पहिल्या आठवड्यांत उतरलेल्या दोन किलोंतही थोडं पाणीच असतं. काटा अडला म्हणून तुझं शरीर बिघडलेलं नाही. तू त्याला रोज तोच पाढा म्हणायला लावलास, त्याला तो पाठ झाला.

आता न्याहारी. तू बहुतेक दिवशी सकाळी सातला काही खात नाहीस, आणि साडेदहाला पाटोच्या ऑफिसातून खाली उतरून भाजी-पाव, एक मिर्ची (मिरचीचं भजं) आणि दोन चमचे साखरेचा चहा घेतोस. त्यातली भाजी कधी पातळ, कधी सुकी, कधी मिक्स. एखाद्या दिवशी भाजी सोडून तळलेला गोड बन. चाळीस मिनिटांची कमाई एका मिर्चीत आणि एका पावात परत देऊन मोकळा होतोस. सकाळी उपाशी राहिल्यामुळे वजन वाढतं असं मी म्हणत नाही, तसं काही नसतं. ज्याला दुपारपर्यंत खरंच भूक लागत नाही त्याने खुशाल राहावं. पण तुला साडेदहाला लागते, आणि भुकेल्या माणसाने भज्याच्या कढईसमोर उभं राहून निर्णय घेऊ नये. न्याहारी राजासारखी करा वगैरे म्हणीही मला सांगू नकोस.

चवीचा स्वभाव असा की एकच चव जिभेला लवकर पुरे होते आणि नवी चव भूक पुन्हा उघडते. लग्नाच्या पंगतीत भात नको म्हणून हात आखडता घेतलेला माणूस मणगणें (चणाडाळीची खीर) आलं की सरसावून बसतो, ते यामुळेच. न्याहारीत रोज नवलाई आणलीस तर रोज दोन घास जास्त जाणार. तेच ते खाल्लंस तर आणखी एक सोय होते: त्यातल्या कॅलरी तुला ठाऊक असतात, आणि काटा हलला नाही तर न्याहारीवर संशय घेण्याचं कारण उरत नाही, शोध पुढे सरकतो.

तर आठवड्याचे सहा दिवस हेच कर. मूग ५० ग्रॅम, म्हणजे साधारण पाव वाटीहून थोडे जास्त. एकदा काट्यावर मोजून वाटीवर खूण कर. रात्री आठ तास भिजवायचे, निथळून ओल्या कपड्यात बारा तास बांधून ठेवायचे. आपल्या दमट हवेत इथेच घोटाळा होतो. पावसाळ्यात पुरचुंडी घट्ट बांधली की मूग बुळबुळीत होतात आणि आंबूस वास मारतो. म्हणून कपडा सैल ठेव, मध्ये एकदा धुऊन पुन्हा निथळ आणि मोड दिसले की फ्रिजमध्ये टाक. दोन दिवसांचे एकदम केलेस तरी चालतील. वास आला तर फेकून दे, शिजवून खपवू नकोस. फोडणीला एक चहाचा चमचा तेल, मोहरी, मिरची, हळद, आणि वरून एक मोठा चमचा खोबरं, बस. मुगागाठीला, म्हणजे मुगाच्या गोडसर उसळीला, घालतात तसं मूठभर खोबरं आणि गूळ इथे नको, ती चतुर्थीच्या जेवणासाठी ठेव. सोबत दोन उकडलेली अंडी आणि पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, एक पोई (गोल, चपटा पाव). एवढ्यात २५ ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात आणि कॅलरी पाचशेच्या आसपास राहतात. सोमवारी किंवा श्रावणात अंडी चालत नसतील तर ७० ग्रॅम पनीर. पोईबद्दल भाबडा राहू नकोस. वरून कोंडा लावलेला असला तरी आत बऱ्याचदा मैदाच असतो. ती साध्या पावापेक्षा बरी, पण दोन नकोत.

तिझानाबद्दल तू फार आशेने लिहिलंयस. ३० ग्रॅम नाचणीत प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम. कॅल्शियम उत्तम मिळतं, कबूल. पण नारळाचा रस आणि गूळ घालून वाटीभर प्यायलास तर ते गोड खाणं झालं, न्याहारी नव्हे. ताक आणि मीठ घालून पातळ आंबील संध्याकाळी पी. ओट्सचंही तसंच. ते वाईट नाहीत, पण मध आणि सुकामेवा घालून घालून तू त्यांचा शिरा करतोस.

दिवसातून तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सव्वाशे कॅलरींच्या आसपास. एकदम बंद करू नकोस, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी कर.

आता कोणी म्हणेल, आहारात विविधता हवी हे सगळे सांगतात आणि हे सर मुलाला रोज मूग खायला लावतात. हवीच ना विविधता! दुपारी आणि रात्री भाज्या बदल, बांगडा, तारले, आळसांदे, तांबडी भाजी, मोसमाप्रमाणे जे येईल ते खा. पण सकाळ ही घाईची वेळ, आणि घाईत निवड करायला गेलं की निवड चुकते. वर्षानुवर्षं मी लोकांना याच्या उलट सांगत आलो, रोज फेरी मारा आणि न्याहारी बदलत राहा, आणि त्यात किती जणांची उमेद वाया गेली याचा विचार आता नको वाटतो. हट्टी झालोय म्हणतात. असेन. खाणं तेच, व्यायाम वेगळा.

व्यायाम वेगळा म्हणजे मोबाइलवर दिसेल ते रोज नवं करणं नव्हे. आठवड्यात प्रकार चार, आणि तेच चार सलग चार आठवडे. प्रत्येकात भार थोडा थोडा वाढवायचा, मग एखादा प्रकार बदलायचा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम अशी आहे. तुझी मिनिटं भरतात, पण ते दोन दिवस तू कधी केलेच नाहीस. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, ते टिकवायला ताकदीचा व्यायाम लागतो.

सोमवार आणि गुरुवार घरीच, ३५ मिनिटं. खुर्चीवर टेकून उठायच्या बैठका १० ते १२. गुडघे आत वळतात का ते आरशात पाहा. वळले तर पाय थोडे रुंद कर आणि टाचा उचलू नकोस. मग ओट्यावर हात टेकून जोर, ८ ते १०. कंबर खाली लोंबली की ती गणती धरायची नाही. ओट्यावर १२ चे तीन फेरे जमले की खुर्चीवर ये, मग जमिनीवर. तिसरं, पाठपिशवीत ५ किलो तांदूळ भरून एका हाताने कमरेपर्यंत ओढणं, प्रत्येक बाजूला १०. यात बहुतेक जण खांदा कानाकडे चढवतात, तो खाली ठेव. चौथं, तीच पिशवी छातीशी धरून कमरेतून वाकणं: भिंतीकडे पाठ करून पाऊलभर अंतरावर उभा राहा आणि पाठ सरळ ठेवून ढुंगण भिंतीला टेकव. पाठ गोल झाली तर पिशवी जड आहे. चौघांचे तीन फेरे, मध्ये दीड मिनिट थांबायचं. शेवटच्या दोन गणत्या जड जायला हव्यात पण ढब बिघडता कामा नये. दुसऱ्या दिवशी अंग किती दुखलं यावर व्यायाम मोजू नकोस, दुखणं नवखेपणाचं असतं.

मंगळवारी चढण. तू पणजीच्या मळा भागात राहतोस आणि मिरामारला स्कूटरने जाऊन सपाटीवर चालतोस, याला काय म्हणावं? मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या दारात आहेत. वर चढताना धाप लागेल इतक्या वेगाने, उतरताना सावकाश, असे पाच फेरे, आणि दर आठवड्याला एक वाढवत आठपर्यंत. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर दोष बहुधा उतरण्यात असतो, धपधप पाय टाकू नकोस. जून ते सप्टेंबर चिऱ्यावर शेवाळ धरतं. तेव्हा इमारतीचा जिना धर. दोरीवरच्या उड्या ८४ किलोवर नकोत, नडगीचं हाड धरतं.

बुधवारी तुझं लाडकं चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. शनिवारी कांपालच्या जलतरण तलावात पोहणं, किंवा सायकल. समुद्रात नको, पावसाळ्यात तर अजिबात नको. रविवारी तेच चालणं, पण वाळूत, अर्धा तास, पहाटे सातच्या आत. मऊ वाळूत तेच अंतर कापायला दीडपट ते दुप्पट शक्ती लागते, म्हणून पहिल्या दिवशी दहाच मिनिटं, नाहीतर पोटऱ्या धरतील. पाण्याकाठचा उतार एका पायाला खाली पाडतो. त्याच रेषेवरून परत ये म्हणजे दोन्ही पायांचा हिशोब बरोबर होतो. शुक्रवार विश्रांती. घामाने शर्ट भिजला म्हणून खूश होऊ नकोस. आपल्या हवेत घाम वाळतच नाही, आणि गेलेलं पाणी दोन ग्लासांत परत येतं.

काटा रोज पाहा, पण रोजच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. सकाळी शौचानंतर मोजून सात दिवसांची सरासरी काढ. शनिवारी रात्री सुक्या मासळीचं किस्मूर खाल्लंस की रविवारी किलोभर वाढलेलं दिसेल. ते मिठाने धरलेलं पाणी. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर पुष्कळ झालं. कंबर मोजताना टेप बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध धर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत राहायचं असतं, तू ९८ लिहिलेस. घरात मधुमेह आहे म्हणतोस, तर उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब एकदा तपासून घे. चढताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांब आणि डॉक्टरकडे जा.

चार आठवड्यांनी मला फक्त दोन आकडे कळव, सरासरी वजन आणि कंबर. न्याहारीची नवी यादी पाठवलीस तर मी उघडणार नाही.

तुझे,
सर

ता. क. चतुर्थीच्या दिवसांत मूग बाजूला ठेव. नेवऱ्या (करंज्या) जेवणानंतर दोन खा, पण सकाळच्या चहाबरोबर डबा उघडू नकोस. तिथे मोजणी राहत नाही. पायऱ्या मात्र त्या दिवसांतही चढ, घरी पाहुणे आहेत ही सबब मला सांगू नकोस.