‘निरीक्षक’ की ‘मापन’? आणि ‘मोहनिद्रा’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ‘निरीक्षकाच्या जाणिवेमुळे तरंगफलन कोसळतं, तसंच संमोहनात मन एका अवस्थेत स्थिरावतं’ या वाक्यात ‘निरीक्षक’ योग्य आहे का? (तरंगफलन म्हणजे पुंजयामिकीत, अर्थात क्वांटम मेकॅनिक्समध्ये, कणाच्या सगळ्या शक्यतांचं गणिती वर्णन; ते कोसळतं म्हणजे त्यांतली एकच शक्यता उरते.) आणि हिप्नॉसिसला ‘संमोहन’ म्हणावं की ‘मोहनिद्रा’?

‘मोहनिद्रा’ नको. जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यविशारदाने ग्रीक ‘हिप्नोस’ म्हणजे झोप, यावरून १८४३ च्या आपल्या पुस्तकात या अवस्थेला नाव दिलं. ही झोप नव्हे, हे पटल्यावर १८४७ मध्ये त्यानेच ‘मोनोआयडिइझम’, म्हणजे मन एकाच कल्पनेवर खिळणं, असा शब्द सुचवला. तो रुजला नाही. पण जी चूक खुद्द ब्रेडला खुपली, ती आपण ‘निद्रा’ जोडून पुन्हा कशाला करायची? ‘संमोहन’ही निर्दोष नाही. त्यात ‘मुह्’, म्हणजे गोंधळणं, भान हरपणं, हा धातू आहे, आणि गीतेतला क्रोधातून उपजणारा संमोह तर स्मृतीच बिघडवतो. संमोहित माणसाचं भान हरपत नाही, ते एका जागी एकवटतं. तरी हा शब्द आता रुळला आहे, राहू द्यावा.

खरी अडचण ‘निरीक्षक’ची. मराठीत निरीक्षक म्हटलं की माणूस आला: शाळा तपासायला येणारा, नाहीतर पोलीस ठाण्यातला. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं, आणि पाहण्यामागे मन आलंच. पुंजयामिकीत मात्र कणाची उपकरणाशी गाठ पडून नोंद उमटली की पुरे. दोन फटींच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन दोन बारीक फटींमधून पडद्याकडे सोडतात. तो कुठल्या फटीतून गेला याची खूण कुठेही उरली, तर पडद्यावरचे व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून उमटणारे, पट्टे नाहीसे होतात. ती खूण कुणी वाचो वा न वाचो. म्हणून मी आग्रहाने ‘मापन’ लिहितो.

जाणिवेमुळेच तरंगफलन कोसळतं, असं मानणारे शास्त्रज्ञही होते. भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये तसं मांडलं, पुढे मात्र ते मत त्यांनी स्वतःच सोडलं. मेंदूतच पुंजावस्था, म्हणजे अनेक शक्यता एकाच वेळी असलेल्या अवस्था, टिकतात म्हणावं, तर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांच्या २००० सालच्या गणिताप्रमाणे त्या सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागात किंवा त्याहूनही लवकर विस्कटतात. जाणिवेचा उगम मेंदूतल्या पुंजावस्थांत शोधणारे भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांना हे मान्य नाही. वाद चालू आहे.

तेव्हा वाक्यातला ‘तसंच’ काढून ‘जणू’ घाला. उपमा म्हणून ती मला सुंदर वाटते: ‘मापनाने अनेक शक्यतांतली एक उरावी, तसं जणू संमोहनात मन एका सूचनेवर स्थिरावतं.’